ग्रंथपाल उपेक्षित, ग्रंथालय निष्प्राण!

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधिस्थानांनी पावन झालेल्या अंबाजोगाईला विशेष आनंद होणे स्वाभाविक होते. दासोपंतांनी कापडावर लिहिलेली 'पासोडी' या नगरीत आजही जतन केलेली आहे. सुमारे चारशे वर्षे ती टिकली, कारण प्रत्येक पिढीत कुणीतरी तिची राखण केली. ग्रंथ आपोआप टिकत नाहीत आणि आपोआप वाचलेही जात नाहीत. त्यांना सांभाळणारा आणि वाचकापर्यंत पोहोचवणारा माणूस लागतो. त्याच बीड जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत हे काम करणाऱ्या ग्रंथपालाची आज काय अवस्था आहे?

महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. कर्नाटक (१९६५) आणि केरळ (१९८९) यांच्या कायद्यांत ग्रंथालय कराची तरतूद आहे. आपल्या कायद्यात ती नाही. स्थानिक संस्थेने ग्रंथालय चालवायचे आणि शासनाने अ, ब, क, ड या वर्गांनुसार अनुदान द्यायचे, अशी आपली व्यवस्था. लोकांच्या पुढाकारावर विश्वास ठेवणारी ही रचना मुळात चांगली आहे. तिच्यामुळेच गावोगावी ग्रंथालये उभी राहिली. मात्र या रचनेत ग्रंथपाल शासनाचा सेवक ठरत नाही आणि संस्थेला त्याचे वेतन परवडत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अनुदानात ६० टक्के वाढ केली. टक्केवारी मोठी दिसते. प्रत्यक्षात 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपयांवरून ४८,००० रुपये झाले, म्हणजे दरमहा ४,००० रुपये. यातच पुस्तके, वृत्तपत्रे, वीजबिल आणि जागेचा खर्च भागवायचा. उरेल ते ग्रंथपालाचे! मूळ आकडाच एवढा लहान असेल, तर टक्केवारीच्या वाढीने संसार चालत नाही. वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती ही ग्रंथालय कर्मचाऱ्यांची मागणी काल-परवाची नाही. पत्की समिती झाली, प्रभा राव समिती झाली. समित्यांचे अहवाल मात्र कपाटातच राहिले.

नाण्याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. २०१२ साली राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली, तेव्हा केवळ कागदावर चालणारी ग्रंथालयेही आढळली. अनुदान लाटणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी. परंतु त्यानंतर नवी मान्यता आणि दर्जावाढ अनेक वर्षे थांबली आणि नियमाने ग्रंथालय उघडणाऱ्यालाही चोरांच्या पंगतीत बसावे लागले.

दरम्यान ग्रंथपालाच्या कामाचे स्वरूप पालटले आहे. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात, त्या जिल्ह्यातील तरुण पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करण्यासाठी ग्रंथालयात येतो. त्याला टेबल, दिवा, शांतता आणि वृत्तपत्र हवे असते. ग्रंथालयांच्या अभ्यासिका झाल्या, अशी खंत काहीजण व्यक्त करतात. पण सामान्यज्ञानाचे पुस्तक मागायला आलेल्या मुलाच्या हाती एखादे चरित्र देणारा ग्रंथपाल तेथे असेल, तर अभ्यासिका ही वाचनाची पहिली पायरी ठरू शकते. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हा डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथबद्ध केलेल्या पंचसूत्रांपैकी एक नियम. त्यासाठी वाचक आणि पुस्तक दोघांनाही ओळखणारा, टिकून राहणारा माणूस हवा. दुसरे काम मिळताच निघून जाणाऱ्याकडून ही अपेक्षा कशी करणार?

निजामी राजवटीत कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू असताना मराठवाड्यातील वाचनालयांनी मराठी वाचन जागते ठेवले. सभांवर निर्बंध असताना लोकांना एकत्र येण्यासाठी तीच जागा होती. ती वाचनालये ध्येयवादी माणसांनी विनावेतन चालवली, मग आज वेतनाचा आग्रह कशासाठी, असे कुणी विचारील. सेवाभाव हा देणाऱ्याने द्यायचा असतो. घेणाऱ्याने तो गृहीत धरायचा नसतो.

म्हणून शासनाने ग्रंथपालाचे वेतन ग्रंथालयाच्या अनुदानापासून वेगळे करावे, ते किमान वेतनाहून कमी असू नये आणि थेट त्याच्या बँक खात्यात जमा व्हावे. कागदावरची ग्रंथालये शोधण्याचाही हा सोपा मार्ग आहे. पण सगळा भार शासनावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. उत्सवाच्या वर्गणीतील काही वाटा गावच्या ग्रंथालयाला देता येईल. ऊसतोडीला निघालेल्या टोळीबरोबर मुलांसाठी पुस्तकांची पेटी पाठवता येईल. आणि सर्वांत सोपे म्हणजे, प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने आपल्या ग्रंथालयाचे सभासद व्हावे. अभिजात भाषेचा अभिमान बाळगणाऱ्या किती घरांत आज ग्रंथालयाचे पुस्तक येते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा.