यादींत नसलेलें गांव

प्रवासास निघण्यापूर्वीं यादी करणें हा माझा जुना रोग आहे. शाळेंत असतांना मुलांच्या सहलीची आंखणी माझ्याकडेच असे. कोणत्या स्थळीं किती मिनिटें थांबावयाचें, हें मीं फळ्यावर लिहावें व मुलांनीं वहींत उतरून घ्यावें, असा परिपाठ होता. निवृत्त होऊन आठ वर्षें झालीं, तरी रोग गेला नाहीं. फरक इतकाच कीं, मुलांच्या जागीं आतां घरांतील मंडळी आली आहे. ह्या महिन्याचा मजकूर म्हणजे त्या रोगाची कबुलीच आहे, असें वाचकांनीं समजावें.

माझे धाकटे बंधु व भावजय गेल्या उन्हाळ्यांत मुलाकडे इंग्लंडास जाऊन आलीं. मुलानें त्यांस मोटारींत बसवून त्या देशाचा दक्षिण भाग दाखविला. सॉल्झबरीजवळचे स्टोनहेंजचे प्रचंड उभे पाषाण, बाथ येथील रोमन लोकांचीं उष्णोदकाचीं स्नानगृहें, विंचेस्टरचें प्राचीन प्रार्थनामंदिर, ब्रायटनचा सागरतीर, असें पुष्कळ पाहून झालें. बंधूंनीं घरीं येतांच स्थळांची संख्या सांगितली व छायाचित्रें दाखविलीं. भावजयीस मीं विचारलें, "तुला काय आवडलें?" ती म्हणाली, "ब्रायटनला पाय दुखले म्हणून समुद्राकडे तोंड करून तासभर बांकावर बसलें होतें. तेवढें आठवतें. बाकी सगळें खिडकींतून गेलें." आम्ही सर्व हंसलों. तें बोलणें तेव्हांच नीट ऐकलें असतें, तर पुढची चूक माझ्या हातून झाली नसती.

बंधूंच्या कथनानें मला थोडी ईर्षा झाली, हें खोटें कां सांगूं? सोलापुरापासून एका दिवसाच्या वाटेवर विजापूर, बदामी, पट्टदकल, ऐहोळे हीं स्थळें असतांना आपण परदेशच्या पाषाणांचें कौतुक ऐकत बसावें, हें मला रुचेना. शिवाय बदामीजवळची बनशंकरी ही आमची कुळदेवी. धाकट्या नातवाचें जावळ झाल्यापासून तिची ओटी भरावयाची राहिली होती. दिवाळीनंतरचे तीन दिवस ठरले, आठ माणसांची मोटार ठरली, आणि मीं यादी करावयास घेतली. तींत लहानमोठीं सतरा स्थळें भरलीं. सूनबाई यादी वाचतां वाचतां म्हणाली, "मामंजी, बागलकोट वाटेवरच आहे ना?" मीं उत्तर दिलें, "आहे. पण तेथें पाहण्याजोगें कांहीं नाहीं." सौभाग्यवती शेजारींच मेथी निवडीत होती. ती कांहीं बोलली नाहीं.

पहाटे साडेचारास निघालों. धुळखेडपाशीं भीमा ओलांडली कीं कर्नाटक लागतें. सोलापूर ते विजापूर हें अंतर सुमारें शंभर किलोमीटर, आणि रस्ता आतां उत्तम झाला आहे. विजापुराचें नांव सन २०१४ पासून सरकारदरबारीं विजयपूर असें झालें असलें, तरी आमच्या पिढीच्या जिभेवर जुनेंच नांव येतें. गर्दी होण्यापूर्वीं गोलघुमटांत शिरावयाचें, हा माझा बेत मात्र अचूक ठरला.

महंमद आदिलशहा सन १६५६ मध्यें वारला. त्याची ही कबर. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारें ४४ मीटर आहे, आणि मध्यें एकही खांब नाहीं. चार कोपऱ्यांस सात मजली मनोरे असून त्यांतील अरुंद जिन्यांनीं घुमटाच्या आंतील सज्जावर जातां येतें. एका बाजूस भिंतीशीं तोंड नेऊन कुजबुजावें, तर तें समोरच्या बाजूस, जवळजवळ ३८ मीटरांवर, कानांत बोलल्यासारखें ऐकूं येतें. ध्वनि वर्तुळाकार भिंतीच्या कडेकडेनें सरकत जातो, मध्येंच विरत नाहीं, हें त्याचें कारण. मीं नातवंडांस हें समजावून दिलें, आणि प्रयोग म्हणून भिंतीस कान लावून उभा राहिलों.

पलीकडे चिरंजीव व सूनबाई उभीं होतीं. आपलें बोलणें आमच्यापर्यंत पोंचत आहे, ह्याचें भान त्यांस नसावें. सूनबाईचा आवाज अगदीं स्पष्ट आला : "उद्यां आईंच्या माहेरावरून मोटार जाणार, आणि मामंजी तेथें थांबणार नाहींत. आई कधीं बोलून दाखवणार नाहींत हो. तुम्ही तरी सांगा." त्यावर चिरंजीव म्हणाला, "बाबांच्या यादींत बोट घालण्याची माझी छाती नाहीं."

मीं कान काढून घेतला. सज्जावरून खालीं पाहिलें. सौभाग्यवतीचे गुडघे दुखतात, म्हणून ती वर आली नव्हती. आमच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या व धपाट्यांचा डबा संभाळीत ती खालीं बसली होती. चाळीस वर्षांच्या संसारांतील सगळ्या सहली मला त्या क्षणीं आठवल्या. बहुतेक ठिकाणीं ती अशीच खालीं, सामानापाशीं होती.

दिवसभर मीं यादीप्रमाणेंच सर्व दाखविलें. इब्राहिम रोजा पाहिला. सन १६२७ मध्यें वारलेल्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची ही कबर. ह्या संगीतवेड्या सुलतानानें रचलेल्या किताब-ए-नवरस ह्या ग्रंथांत सरस्वती व गणपती ह्यांचें स्तवन आहे, हें सांगितल्यावर बंधूंस मोठें नवल वाटलें. बुरुजावरची मुलूखमैदान तोफ पाहिली; ती सन १५४९ मध्यें तेव्हांच्या अहमदनगरास ओतलेली. मीं बोलत होतों खरा, पण माझें लक्ष ठिकाणावर नव्हतें.

रात्रीं धर्मशाळेंत सौभाग्यवतीस विचारलें, "उद्यां बागलकोटास थांबावयाचें का?" ती म्हणाली, "कशाला? तेथें आतां आहे काय? तुमचीं लेणीं चुकतील." ह्या उत्तरांत नकार नव्हता, हें ओळखण्यास मला चाळीस वर्षें लागलीं.

येथें वाचकांस थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. बागलकोट हें घटप्रभेच्या कांठचें जुनें व्यापारी गांव. तेथून थोड्या अंतरावर घटप्रभा कृष्णेस मिळते, आणि त्याखालीं आलमट्टीचें धरण आहे. आपल्याकडे ह्या धरणाचें नांव निघतें तें सांगली-कोल्हापुरास पूर आला म्हणजे. सन २०१९ च्या महापुरांत तें घरोघरीं झालें. धरणाची कोनशिला सन १९६४ मध्यें लालबहादूर शास्त्री ह्यांच्या हस्तें बसली. पाण्याच्या वांटणीचा तंटा राज्याराज्यांत वर्षानुवर्षें चालला, आणि अखेर सन २००० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ५१९.६ मीटर पातळीपर्यंत पाणी अडविण्यास अनुमति दिली. त्या पाण्यानें विजापूर, यादगीर, रायचूर ह्या कोरड्या मुलखांतील शेतें भिजतात, हें खरें आहे व चांगलें आहे. परंतु जलाशय मागें पसरला, तेव्हां बागलकोटच्या सखल भागांतील गल्ल्या पाण्याखालीं गेल्या. लोकांसाठीं नवनगर नांवाची वसाहत झाली. माझ्या मेहुण्यांनीं नुकसानभरपाई घेतली व ते हुबळीस राहावयास गेले. तेव्हांपासून आमच्या घरीं माहेर म्हणजे हुबळी, असा शब्द रूढ झाला. जुन्या घराचें पुढें काय झालें, हें मीं कधीं विचारलें नाहीं, आणि तिनें कधीं सांगितलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं कोल्हारचा लांबलचक पूल लागला. दोन्हीं बाजूंस दृष्टि पोंचेल तेथवर कृष्णेचें पाणी. कोल्हारचें मडक्यांतील दहीं प्रसिद्ध आहे, तें घेतलें. मोटार पुन्हा सुरू होतांच मीं चालकास सांगितलें, "बागलकोट गांवांत चला. जुन्या गांवांत." मागच्या बांकावर एकदम शांतता झाली. सूनबाईनें माझ्याकडे पाहिलें व लगेच खिडकीबाहेर पाहूं लागली.

मोबाइलमधील नकाशा तेथें निरुपयोगी झाला, कारण जेथें जावयाचें तें त्यांत निळें दाखविलें होतें. मग सौभाग्यवती पुढें येऊन बसली आणि वाट सांगूं लागली. "येथें डावीकडे. आतां सरळ. ही सराफांची ओळ होती." तोंडानें कानडी कधीं सुरू झाली, हें तिलाही कळलें नाहीं. एका उतारावर रस्ताच पाण्यांत शिरला होता. आम्ही उतरलों. पाणी संथ होतें. कडेस एक म्हैस डुंबत होती.

"ह्या उताराच्या खालीं तिसरें घर," सौभाग्यवती म्हणाली. "गौरी पोंचवावयास आम्ही मुली घटप्रभेवर जात असूं. घरापासून नदी लांब होती. आतां तीच घरीं येऊन राहिली."

ह्यावर बोलण्यासारखें माझ्यापाशीं कांहीं नव्हतें. संस्कृतांतील एखादें सुभाषित ऐन वेळीं आठवावें, अशी माझी ख्याति आहे. त्या वेळीं एकही आठवलें नाहीं. नातीनें विचारलें, "आजी, तुझी खोली कोठें होती?" तिनें बोट केलें, तें पाण्याकडेच. मग ती खालीं बसली. चौक, चौकांतील आड, आडाजवळचें कढीलिंबाचें झाड, वडिलांचा झोपाळा, सोवळ्याचें स्वयंपाकघर, माडीवरची धान्याची कोठी, असें तिनें एकेक सांगितलें आणि नातवंडें विचारीत गेलीं. भावजय तिच्या शेजारीं बसून होती. मला वाटलें होतें, ती रडेल. ती रडली नाहीं. उलट माडीवरून पडून आपला दांत कसा तुटला, हें सांगतांना ती इतकी हंसली कीं, तिचें तसें हंसूं मीं कित्येक वर्षांत ऐकलें नव्हतें. निघतांना तिनें कडेचें पाणी ओंजळींत घेऊन डोळ्यांस लाविलें आणि दह्याच्या मडक्यांतील पहिला चमचा पाण्यांत सोडला.

तेथें आमचे अडीच तास गेले. परिणामीं बदामीस पोंचलों तेव्हां लेणीं बंद होण्याची वेळ झाली होती. तिसऱ्या लेण्यांतील मंगलेशाचा, शके ५०० चा लेख पाहावयाचा राहिला. संध्याकाळीं बनशंकरीचें दर्शन झालें व ओटी भरली. देवळाबाहेर बायका टोपल्यांतून ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी व दहीं विकतात. तेंच आमचें रात्रीचें जेवण. एरवीं आठ माणसांना वाढून शेवटीं जेवणारी सौभाग्यवती त्या दिवशीं सर्वांच्या आधीं जेवली, कारण सूनबाईनें तिला उठूंच दिलें नाहीं.

तिसऱ्या दिवशीं पट्टदकल पाहून ऐहोळ्यास गेलों. तेथील टेकडीवरच्या मेगुती जिनालयाच्या भिंतीवर रविकीर्तीचा शके ५५६ चा, म्हणजे इसवी सन ६३४-३५ चा, संस्कृत लेख आहे. दुसऱ्या पुलकेशीनें हर्षवर्धनास हटविल्याचें त्यांत वर्णन आहे. नव्याण्णव हजार गांवांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख आहे. आणि रविकीर्तीनें आपली कीर्ति कालिदास व भारवि ह्यांच्या तोडीची म्हटली आहे. कालिदास त्यापूर्वींचा, हें ह्या लेखावरून निश्चित होतें. पस्तीस वर्षें मीं हें वर्गांत सांगितलें. तो दगड मात्र प्रथमच पाहिला. लिपि जुनी कानडी, त्यामुळें माझ्यानें फारसें वाचवलें नाहीं. पण कोरीव ओळींसमोर उभा राहिलों, हेंच पुष्कळ झालें. तेथें माझ्या मनांत आलें कीं, राजाजवळ कवि होता आणि कवीजवळ दगड होता, म्हणून चौदाशें वर्षें नांव टिकलें. तिसऱ्या घराचा चौक, आड आणि झोपाळा मात्र एका साठीच्या बाईच्या आठवणींत आहे, आणि ती आठवण आम्ही कोणी आजवर मागितली नव्हती.

घरीं आल्यावर नातवानें चित्रकलेच्या वहींत आजीकडून त्या घराचा नकाशा काढून घेतला आहे. दोन वेळां खोडला, कारण आड चुकला होता. कोणत्या खोलींत कोण राहत असे, तेंही लिहिलें आहे. मेहुण्यांना हुबळीस त्याची प्रत पाठविली. त्यांनीं माडीचा जिना दुसऱ्या बाजूस असल्याचें कळविलें, आणि त्यावरून बहीणभावांत दूरध्वनीवर अर्धा तास वाद चालला आहे.

आपल्या मोठ्या कुटुंबांतून प्रवासाची आंखणी बहुधा घरांतील कर्ता पुरुष करतो, आणि शिदोरी बायका बांधतात. वाचकांस माझी इतकीच विनंति आहे कीं, यादी करण्यापूर्वीं घरांतील प्रत्येकाकडून एकेक स्थळ मागून घ्यावें, आणि वडील बायकांपासून आरंभ करावा. त्या प्रथम "मला काय, कोठेंही चालेल" असें म्हणतील. तेवढ्यानें आपण वहीं मिटूं नये, दुसऱ्यांदा विचारावें.

आमची पुढली सहल माघांत आहे. मंगळवेढें तालुक्यांतील भीमेकांठचें माचणूर यादींत पहिलें आहे. तेथील सिद्धेश्वराचें देऊळ जुनें, आणि औरंगजेबाची छावणी त्या परिसरांत कित्येक वर्षें होती, म्हणून मला वाटलें, ही निवड बंधूंची असावी. परंतु तें नांव भावजयीनें घातलें आहे. कारण विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "तेथें घांटावर बसतां येतें."