रुळावरचा ट्रक आणि रुळापलीकडची गर्दी



परवा संध्याकाळी आमच्याकडच्या एका रेल्वे गेटवर कुटारानं फुगलेला ट्रक ऐन रुळावर उभा राहिला. दोन मिनिटं, फार नाही. गेटमन शिट्टी फुंकत होता, मागून हॉर्नचा कल्ला चालू होता आणि माझ्या शेजारच्या स्कूटरवाल्यानं निकाल देऊनही टाकला, ‘पिऊन असन बहाद्दर!’ ट्रकवाला प्यायलेला नव्हता. त्याला पुढं जायला रस्ताच उरला नव्हता, आणि तो रस्ता मी, स्कूटरवाला आणि आमच्यासारख्या चाळीस-पन्नास जणांनी मिळून अडवला होता.

मी एकोणतीस वर्षं दहाचाकी चालवली, आता जठारपेठेत घरी बसून असतो. आमच्या कट्ट्यावर हल्ली एकच मागणी ऐकू येते, ती म्हणजे जड वाहनांना दिवसभर शहरबंदी करा. मला ती पटत नाही. अकोटकडची रुई आणि सरकी, गायगावच्या डेपोतून भरून निघणारे टँकर, ढेप, कुटार हे सगळं कुठून तरी रूळ ओलांडणारच. दिवसा बंदी घातली की तीच गाडी रात्री किंवा पहाटे, झोपेनं डोळे मिटत असताना गेटवर येईल. जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडचं उदाहरण घ्या. १४ मार्च २०२५ च्या पहाटे धान्याचा ट्रक बंद फाटक तोडून रुळावर आला आणि मुंबईहून अमरावतीला निघालेल्या एक्सप्रेसनं त्याला धडक दिली. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. ही आपल्या अकोल्यावरूनच पुढं जाणारी गाडी. त्या चालकाची बाजू मी घेत नाही. फाटक तोडणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या कलम १६० खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि ती असायलाच हवी.

पण रोजचा धोका वेगळाच आहे. गेट पडलं की दोन्हीकडच्या दुचाक्या आपली बाजू सोडून अख्खा रस्ता भरून उभ्या राहतात. गेट उघडताच दोन फौजा समोरासमोर येतात. मोटारसायकल कशीही वाट काढते, ट्रक मात्र मध्ये सापडतो. भरलेला ट्रक उभ्या जागेवरून उठतो तो पहिल्या गिअरवर, ताशी सात-आठ किलोमीटरनं. मोठा ट्रेलर धरला आणि दोन्ही फाटकांमधलं अंतर धरलं, तर शेवटचं चाक बाहेर पडायला वीसेक सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी शंभरनं येणारी रेल्वे साडेपाचशे मीटर कापते, आणि ब्रेक लावला म्हणून ती ट्रकसारखी थांबत नाही. हा हिशोब वाट मोकळी असतानाचा. समोर भाजीच्या पिशव्या लटकवलेल्या पंचवीस स्कूटी असल्या तर कसला हिशोब?

माझे उस्ताद बिनशिकलेले होते, पण त्यांचा एक नियम पक्का होता. ‘पलीकडं आपल्या गाडीएवढी जागा दिसली तरच गेर टाकजो. जागा नसन तर मागचे बोंबलू दे.’ रुळावर गिअर बदलायचा नाही, हेही त्यांचंच. अर्ध्यात इंजिन बंद पडलं तर सेल मारत बसायचं नाही. आधी क्लीनरला गेटमनकडं पळवायचं. त्याच्याकडं स्टेशनचा फोन असतो, लाल झेंडी असते, इशाऱ्याचे फटाके असतात. गाडी नंतरही ओढता येते.

क्लीनर म्हटलं आणि खरं दुखणं आठवलं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १३१ सांगतं की गेटमन नसलेल्या फाटकावर चालकानं गाडी थांबवायची, क्लीनरनं रुळापर्यंत चालत जाऊन रेल्वे येत नाही हे पाहायचं आणि मग गाडी पार करून द्यायची. क्लीनर नसेल तर चालकानं स्वतः उतरायचं. जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरची अशी फाटकं संपली, चांगलंच झालं. पण त्यांच्याबरोबर ती उतरून पाहायची सवयही गेली, आणि भाडं परवडत नाही म्हणून क्लीनरही गाडीवरून गेला. आता बिचारा एकटा चालक केबिनमध्ये बसून डावीकडचा रूळ कसा पाहणार? गेटमन आहे म्हणून डोळे मिटावेत असंही नाही. ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूरजवळ गेटमन असलेल्या फाटकावरच शाळेची गाडी रेल्वेखाली सापडली, तीन मुलं गेली.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट घडली. अकोट लाईनवरची छोटी गाडी २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली आणि मोठी गाडी धावली ती नोव्हेंबर २०२२ मध्ये. जवळपास सहा वर्षं या लाईनवर रेल्वे नव्हतीच. त्या काळात ज्या पोरांनी गाडी हाती घेतली, त्यांना इथं थांबायचं असतं हेच कुणी शिकवलं नाही. त्यांच्या लेखी गेट म्हणजे मध्येच आडवा आलेला बांबू.

न्यू तापडिया नगरच्या उड्डाणपुलाची चर्चा जठारपेठेत इतकी झाली आहे की त्यावर वेगळं लिहीत नाही. पूल व्हावा. पण जिथं जिथं गेट आहे तिथं फाटकापासून दोन्हीकडं शंभर-शंभर मीटर पक्का दुभाजक बांधायला पुलाएवढा पैसा लागत नाही, भूसंपादन लागत नाही. विरुद्ध बाजूला घुसायची सोयच उरणार नाही इतका उंच बांधा. रंगाचे पट्टे आणि प्लॅस्टिकचे खांब आमचे लोक आठ दिवसांत सपाट करतील. संध्याकाळच्या गर्दीत वाहतूक शाखेचा एक शिपाई तिथं हवा, आणि त्यानं पावती फाडावी ती उलट्या बाजूच्या दुचाकीची. चौकात ट्रक अडवून कागद पाहणारे पुष्कळ आहेत.

राहिला माल भरणारा. कुटार आणि कापूस दोन्ही अंगांनी फुगवून, वर चार हात चढवून भरायचा आणि चालकाला म्हणायचं, ‘जाते ना, भाऊ!’ मुंबई-नागपूर लाईनवर डोक्यावर पंचवीस हजार व्होल्टची तार आहे. गेटआधीची लोखंडी कमान त्यासाठीच असते. ती घासून गाडी काढणाऱ्याइतकाच गाडी तशी भरून देणाराही दंडाला पात्र आहे, पण त्याचं नाव कुठल्याच पावतीवर येत नाही.

परवाचा तो ट्रक शेवटी निघाला. मी माझी लुना मागं घेतली, मग स्कूटरवाल्यानंही कुरकुरत घेतली. आठ-दहा जण सरकले तेवढ्यानंच वाट झाली. जाताना ट्रकवाल्यानं हात वर केला. स्कूटरवाल्याला वाटलं, तो दम देतोय.

आपला,
एक निवृत्त ट्रकचालक
जठारपेठ, अकोला