पगाराचा आकडा आणि पगाराची किंमत

“मुलाला चाळीस हजार पगार आहे,” एवढे वाक्य उच्चारले की सांप्रत आमच्या समाजात पुष्कळ प्रश्न सुटल्यासारखे वाटतात. वधूपिता निश्चिंत होतो, शेजारी मान डोलावतात, आणि ज्याच्या मुलाने गावातच पंचवीस हजारांची नोकरी पत्करली तो बाप उगाच ओशाळतो. हे चाळीस हजार कोणत्या शहरी मिळतात, त्यांतून हाती किती पडतात आणि महिनाअखेर उरते काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. असल्या अर्ध्या हिशेबावर लग्ने ठरत आहेत, कर्जे काढली जात आहेत व तरुण मंडळी घर सोडीत आहेत. म्हणून या विषयासंबंधाने चार शब्द स्पष्ट लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. एखाद्या दुकानाचा गल्ला मोठा आहे एवढ्यावरून त्या दुकानदाराला नफाही मोठा होतो, असे ते कधीही मानणार नाहीत. मालाची खरेदी, जागेचे भाडे, हमाली, नोकरांचे पगार व व्याज वजा जाऊन जे उरेल तो नफा, हे त्यांस कोणी शिकवावे लागत नाही. मग पगाराचा विषय निघताच गल्ल्यालाच नफा समजण्याची चूक हीच चतुर मंडळी का करतात?

रीत दाखविण्यापुरते एक उदाहरण घेऊ. समजा, एका तरुणाच्या हाती मुंबईत महिना ४०,००० रुपये पडतात. उपनगरातील भागीच्या खोलीचे १४,०००, खानावळ व चहाचे ९,०००, जाण्यायेण्याचे २,५०० आणि आईबापांस पाठवावयाचे ८,००० वजा करता उरले ६,५००. त्याच्या मित्राला सोलापुरास २५,००० मिळतात. त्याचे भाडे ५,०००, जेवण ६,०००, जाणेयेणे १,००० व घरी द्यावयाचे तेच ८,००० धरता उरले ५,०००. पंधरा हजारांच्या थोरवीतून अखेर दीड हजाराचा फरक राहिला. आणि त्यासाठी पहिल्याने रोजचे दोनतीन तास आगगाडीच्या गर्दीत घातले ते निराळेच. आकडे प्रत्येकाने आपापल्या गावचे घालावे. रीत मात्र हीच.

यावर कोणी म्हणेल की, मनुष्य केवळ शिलकीसाठी शहरात जात नाही. हे म्हणणे आम्हांस मान्य आहे. शहरात हुन्नर वाढतो, पुढच्या नोकरीची वाट सापडते; गावात जिच्या प्रत्येक पावलावर दहा डोळे असतात, त्या मुलीला तेथे स्वतःच्या कमाईवर ताठ मानेने राहता येते. हा लाभ खतावणीत मांडता येत नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. परंतु भाड्याची खोली देताना आडनाव विचारणारे घरमालक शहरातही आहेत. आणि अशा मनुष्याला तीच खोली महाग किंवा दूर मिळते, हेही हिशेबात धरले पाहिजे. लाभ हवा तर तो डोळे उघडे ठेवून विकत घ्यावा, एवढेच आमचे म्हणणे.

हा प्रश्न आजचा नव्हे. दादाभाई नौरोजींनी १८७६ साली हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा विचार मांडला, तेव्हा माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये आहे एवढे सांगून ते थांबले नाहीत. तुरुंगातील कैद्याच्या पोटाला किती लागते, तेही त्यांनी शेजारी मांडले. त्या दुसऱ्या आकड्यामुळेच पहिल्याचा अर्थ लोकांस कळला. पुढे १९२१ साली मुंबई सरकारचे लेबर ऑफिस निघाले आणि त्याने कामकरी कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी करून १९२३ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्या काळी गिरणीतला मजूर एका गाळ्यात अनेकांसह राही, खानावळवाल्या बाईकडे जेवी, आणि त्याची बायकामुले बहुधा रत्नागिरी-साताऱ्याकडील तुटपुंज्या शेतीवर जगत. त्याची मजुरी पुरे असे दिसले, याचे कारण तिची उणीव गावची जमीन व घरची बाई भरून काढीत असे. आजही ज्या तरुणाचा पगार वडिलांच्या घरावर व आईच्या रांधण्यावर पुरतो, त्याचा पगार चांगला नसून त्याचे आईबाप चांगले आहेत, असे म्हणावे लागेल.

तेव्हा पुरेसा पगार म्हणजे काय, याचे माप हवे. आणि ते या देशात कधीच ठरलेले आहे. १९५७ सालच्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनासाठी एका मिळवत्यामागे तीन माणसांचे खाणे, दर प्रौढ माणसाला रोज २,७०० कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाचे ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती व इतर खर्चासाठी वेतनाचा २० टक्के भाग, असे प्रमाण घातले. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार व म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. गावागणिक खर्च बदलतो, हेही सरकारास मान्य आहे. सातव्या वेतन आयोगाच्या योजनेप्रमाणे २०२४ सालापासून केंद्र सरकारच्या नोकरास मूळ वेतनावर मुंबई-पुण्यात ३०, नागपूर-सोलापूरसारख्या शहरांत २० व लहान गावी १० टक्के घरभाडे भत्ता ठरला. जे सरकारास कळते ते खासगी धन्यास कळू नये काय?

येथे आमच्या व्यापारी बंधूंस एक कटु गोष्ट सांगणे भाग आहे. आपल्या मुलाच्या पगाराची चौकशी करणारे कितीएक गृहस्थ आपल्या दुकानातील नोकराला तीन वर्षांमागे ठरलेलाच पगार आजही देतात. भाव दरसाल पाचच टक्के चढले, तरी तीन वर्षांमागे ४०,००० रुपयांत जे मिळे त्याला आज सुमारे ४६,३०० लागतात. म्हणजे आकडा तोच ठेवून धन्याने पगार कमी केला, आणि तोही नोकराला न सांगता! काट्यात असली तूट आमचे व्यापारी एक दिवसही खपवून घेणार नाहीत.

आमची सूचना थोडक्यात अशी. नोकरी देणाराने भविष्यनिर्वाह निधीचा आपला वाटा व ग्रॅच्युइटी मिळवून फुगविलेला वार्षिक आकडा न सांगता, महिन्याच्या शेवटी हाती काय पडेल ते लिहून द्यावे आणि भाव वाढतील त्याप्रमाणे दरसाल पगार वाढवावा. नोकरी घेणाराने त्या गावचे भाडे, जेवण व वाट यांचा खर्च तेथे राहणाऱ्या दोन माणसांस विचारल्यावाचून होकार देऊ नये. आणि सोयरीक पाहणाऱ्यांनी ‘पगार किती’ या प्रश्नाच्या जोडीला ‘उरते किती’ हा प्रश्न विचारण्याची लाज बाळगू नये. पहिल्या प्रश्नाने दिमाख कळतो. संसार चालेल की नाही, ते दुसऱ्यानेच कळते.