अनुदान कोणाला: संस्थेला की गावाला?

अमेरिकेतील तरुणांच्या व्यसनाधीनतेविषयी जे काही आपल्या वाचनात येते, त्यात सीमेवरील तस्करी, फेन्टानिल आणि पोलिसी कारवाई यांचाच गदारोळ अधिक असतो. त्या गदारोळापासून दूर एक छोटासा कायदा जवळजवळ तीन दशके निमूटपणे कार्यरत आहे. २७ जून १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ‘ड्रग-फ्री कम्युनिटीज’ कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्यान्वये मिळणारा पैसा रुग्णालयासाठी वा पोलीस ठाण्यासाठी नसतो. एखाद्या गावातील किंवा उपनगरातील नागरिकांनी मिळून उभारलेल्या आघाडीसाठी असतो. व्यसनी झालेल्यांच्या उपचारासाठी तो वापरता येत नाही. मुलगा पहिला घोट घेण्यापूर्वी काय करता येईल, एवढ्यापुरताच तो आहे.

अनुदानाच्या अटी मुळातून पाहण्याजोग्या आहेत. आघाडीत समाजाच्या बारा घटकांचे प्रतिनिधी असावे लागतात: तरुण, पालक, शाळा, व्यापारी, प्रसारमाध्यमे, पोलीस, डॉक्टर, युवकांसाठी काम करणाऱ्या संस्था, धार्मिक वा बंधुत्ववादी संस्था, नागरी स्वयंसेवक, शासकीय यंत्रणा आणि व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील अन्य संघटना. (धर्मगुरूंनीच अध्यक्षपदी बसावे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही, हे बरेच झाले.) अर्ज करण्यापूर्वी निदान सहा महिने ही मंडळी एकत्र काम करीत असली पाहिजेत. म्हणजे पैसा येणार म्हणून रातोरात समिती स्थापन करण्याची सोय नाही.

अनुदान वर्षाला जास्तीत जास्त १,२५,००० डॉलर इतके, प्रथम पाच वर्षांसाठी. पुन्हा स्पर्धेत उतरून आणखी पाच वर्षे मिळू शकतात. दहा वर्षांनंतर मात्र सरकार हात काढून घेते. पहिली सहा वर्षे आघाडीने अनुदानाइतकीच भर स्वतः घालायची. सातव्या व आठव्या वर्षी सव्वापट, नवव्या व दहाव्या वर्षी दीडपट. १,२५,००० डॉलर घेणाऱ्या गावाला अखेरच्या वर्षी १,८७,५०० डॉलरची भर दाखवावी लागते. ही भर रोख असलीच पाहिजे असे नाही. स्वयंसेवकांनी दिलेले तास, विनामूल्य मिळालेले सभागृह, वर्तमानपत्राने दिलेली जागा या सर्वांचे मूल्य हिशेबात धरले जाते. परावलंबन टळावे म्हणून योजलेली ही शिडी आम्हांला विचारपूर्वक केलेली वाटते. तथापि तिचा एक दोषही स्पष्ट आहे. जेथे निवृत्त शिक्षक, डॉक्टर व वकील यांची वानवा नाही अशा सुखवस्तू उपनगराला ही भर सहज दाखवता येते. जेथे आईबाप दोन-दोन नोकऱ्या करतात त्या वस्तीला तेच तास कोठून आणायचे? मदतीची गरज जेथे अधिक, तेथेच अट जड होते.

तरीही सरकारने व्याख्यानांपेक्षा आघाड्यांवर भरवसा का ठेवावा, याला कारण आहे. १९८३ मध्ये लॉस एंजेलिस येथे सुरू झालेला ‘डेअर’ हा कार्यक्रम अमेरिकेतील असंख्य शाळांत पोहोचला. गणवेशातील पोलीस वर्गात येऊन मुलांना ‘नाही म्हणा’ असे शिकवीत. पालक खूश, मुख्याध्यापक खूश. परंतु अभ्यासकांनी तपासून पाहिले तेव्हा व्यसनाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. याउलट ‘कम्युनिटीज दॅट केअर’ या पद्धतीची सात राज्यांतील २४ लहान शहरांत २००३ पासून शास्त्रीय चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या शहरांत नागरिकांनी आपल्याच मुलांची पाहणी करून, कोणता धोका मोठा हे ठरवून, त्यानुसार उपाय निवडले. तेथील मुलांनी आठवीपर्यंत दारू व तंबाखूला हात लावण्याचे प्रमाण इतर शहरांपेक्षा कमी राहिले. ही चाचणी मूळ अनुदान योजनेची नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे. त्या योजनेचे यश बव्हंशी आघाड्यांनी स्वतः गोळा केलेल्या आकड्यांवर सांगितले जाते, आणि ते तितक्याच सावधपणे वाचावे लागते.

आकडे फसवेही असतात. मिशिगन विद्यापीठाच्या वार्षिक पाहणीनुसार २०२४ मध्ये बारावीतील ६७ टक्के मुलांनी मागील महिनाभरात दारू, गांजा वा निकोटीन यांपैकी कशालाही स्पर्श केला नव्हता. २०१७ मध्ये हेच प्रमाण ५३ टक्के होते. मात्र १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलांचे अतिमात्रेने होणारे मृत्यू २०१९ मधील ४९२ वरून २०२१ मध्ये १,१४६ वर गेले. व्यसन करणारी मुले वाढली नव्हती. बनावट गोळ्यांतील फेन्टानिलमुळे एकच चूक प्राणघातक ठरू लागली होती.

पैशाची शाश्वती हा आणखी एक प्रश्न. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने करोनाकाळातील सुमारे ११ अब्ज डॉलरची अनुदाने एकाएकी मागे घेतली. त्यांत व्यसनमुक्ती व मानसिक आरोग्याचा पैसाही होता. राज्ये न्यायालयात गेली आणि एप्रिलमध्ये स्थगिती मिळाली. राज्य सरकारकडे वकील असतात. गावातील आघाडीकडे एक पगारी समन्वयक असतो, आणि पहिली गदा त्याच्यावर येते.

आपल्याकडे काय आहे? १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत ‘नशामुक्त भारत अभियान’ सुरू झाले आणि पुढे त्याचा विस्तार झाला. केंद्राचे अनुदान मुख्यतः नोंदणीकृत संस्थांना, केंद्रे चालविण्यासाठी मिळते. ख्रिस्ती समाजाचे कार्यही उपचाराच्या अंगानेच वाढले. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये स्थापिलेले ‘कृपा फाउंडेशन’ हे त्याचे ठळक उदाहरण. आघाडीच्या कल्पनेला सर्वांत जवळचा प्रयोग गडचिरोलीतील ‘मुक्तिपथ’ असावा. तेथे २०१६ पासून शासन, डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ संस्था आणि गावोगावच्या संघटना एकत्र काम करीत आहेत. परदेशी देणग्यांच्या बाबतीत तर २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला निधी देण्यासच मनाई केली. मोठ्या संस्थेने पैसा आणावा आणि लहान मंडळांत वाटावा, हा मार्ग त्यामुळे बंद झाला.

पैशावाचून जे होऊ शकते, ते मात्र आपण का करीत नाही? शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. टपऱ्या मोजण्यासाठी सचिवालयाची परवानगी लागत नाही. आणि लग्नाच्या मांडवात चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती कौतुकाने ग्लास देणारे काका-मामा आपल्याच धर्मग्रामातील असतात.

अमेरिकन आघाड्यांना दर दोन वर्षांनी मुलांकडून चार गोष्टी जाणून घ्याव्या लागतात: गेल्या तीस दिवसांत काय घेतले, त्यात किती धोका वाटतो, आईवडिलांना ते कितपत चुकीचे वाटेल, आणि मित्रांना कितपत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या राष्ट्रीय पाहणीने राज्यांचे चित्र दिले. एका गावाचे, एका शाळेचे चित्र त्यातून मिळत नाही. आपल्या शाळांनी नववीच्या वर्गात, पालकांना पूर्वकल्पना देऊन आणि कागदावर नाव न लिहिता, हेच चार प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवितो. त्याला अनुदान लागणार नाही. एक तास आणि काही कागद पुरेसे आहेत.