जुनी वस्तू, कष्टाचा पैसा

जपानी शहरांच्या उपनगरांत मोठ्या रस्त्यालगत जुन्या वस्तूंची प्रशस्त दुकाने असतात. 'बुक ऑफ'चे पहिले दुकान १९९० साली सागामिहारा शहरात निघाले, 'हार्ड ऑफ'चे १९९३ साली निइगाता शहरात. लोक घरातील पुस्तके, कपडे, रेडिओ तेथे विकतात. वस्तू पुसून, तपासून पुन्हा मांडली जाते. २००१ पासून तेथे टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन टाकून द्यायचे तर मालकालाच पैसे भरावे लागतात. मग चालू वस्तू टाकण्यापेक्षा विकलेली काय वाईट?

याच दुकानांत 'जंक' नावाचा विभाग असतो. तेथे भाव अगदी कमी. पण वस्तू चालेल याची हमी नाही आणि ती परतही घेत नाहीत. चिठ्ठीवर तसे लिहिलेले असते.

तिकडे शिकायला, कामाला गेलेल्या आपल्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे : आधी चिठ्ठी वाचा, किंमत नंतर पाहा. दुकानात प्लग लावून पाहण्याची सोय असेल तर वस्तू चालवून घ्या. आणखी एक, जपानची वीज १०० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. केवळ १०० व्होल्टवर चालणारे उपकरण इकडे आणून तसेच लावले तर जळेल. ते तिकडेच वापरावे, निघताना विकून यावे.

जुनी वस्तू घेण्यात लाज कसली? पैसा कष्टाचा आहे, तो डोळे उघडे ठेवून खर्चावा.