टाकाऊतून टिकाऊ नफा?

टाकाऊ प्लास्टिकपासून इंधन ही कल्पना कोणासही भुरळ घालणारी आहे. प्राणवायूविना तापविल्यास पॉलिथिलीनसारख्या प्लास्टिकचे विघटन होऊन तेल मिळते, हे शास्त्रसिद्ध आहे. मात्र शास्त्र सिद्ध झाले म्हणजे व्यवसाय सिद्ध झाला, असे नव्हे.

अमेरिकेतील नायगारा फॉल्स येथील ‘प्लास्टिक टू ऑइल’, म्हणजेच पूर्वीची ‘जेबीआय’, ही कंपनी याचे बोलके उदाहरण होय. २००९ च्या हिशेबात तिने जाहिरात-हक्कांचे मूल्य सुमारे १ कोटी डॉलर दाखविले. हे मूल्य अवास्तव फुगविले असून त्या आधारे ८४ लाख डॉलरचे भांडवल उभारले, असा आरोप तेथील रोखे आयोगाने २०१२ मध्ये ठेवला. २०१३ अखेर उत्पादनही थांबले. पुढे परिस्थिती अधिकच प्रतिकूल झाली. २०१४ च्या मध्यास पिंपामागे १०० डॉलरहून महाग असलेले खनिज तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरखाली घसरले.

अशा कंपनीच्या पुनरुज्जीवनावर भिस्त ठेवण्यापूर्वी गुंतवणूकदाराने काही प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. संयंत्र सलग किती काळ चालले? पीव्हीसी वगळून निवडलेले, स्वच्छ प्लास्टिक कोणत्या दराने मिळते? तेल स्वस्त झाल्यास खर्च भरून निघेल काय? आणि रोकड विक्रीतून येते की नव्या समभागांतून?

उत्तरे समाधानकारक नसतील, तर समभागाची अल्प किंमत ही स्वस्ताई नव्हे. ती धोक्याची सूचना समजावी. पर्यावरणाची तळमळ स्तुत्यच आहे. परंतु तिच्यापोटी आयुष्यभराची पुंजी पणास लावणे शहाणपणाचे नाही.