उत्तरस्मृती आणि मराठवाड्याचे मौन

ज्यूंच्या वंशसंहारातून वाचलेल्यांच्या मुलानातवंडांनी जे लेखन केले, त्याच्या विवेचनातून निघालेली ‘उत्तरस्मृती’ ही संकल्पना मराठी समीक्षेत आता रुळू लागली आहे. मारियान हर्श यांनी ती १९९२ साली आर्ट स्पीगेलमन यांच्या ‘माउस’ची चर्चा करताना मांडली. स्वतः न भोगलेले दुःख आईवडिलांच्या गोष्टींतून, छायाचित्रांतून आणि अबोल्यातून इतक्या तीव्रतेने पोचते की ते स्वतःच्याच आठवणीसारखे वागू लागते, असा तिचा आशय. मराठीत मात्र तिचे उपयोजन म्हणजे ‘वेदनेचा वारसा’, ‘शब्दांतून उपचार’ अशा मोघम शब्दांची पेरणी होऊन बसले आहे.

संकल्पना ज्या जमिनीवर उभी आहे, ती जमीनच या व्यवहारात विसरली जाते. हेलन एप्स्टाइन यांचे ‘चिल्ड्रन ऑफ द होलोकॉस्ट’ १९७९ मध्ये आले. तोपर्यंत न्यूरेंबर्गच्या खटल्याला तीन दशके उलटली होती, याद वाशेम १९५३ मध्ये स्थापन झाले होते आणि १९६१ च्या आइखमन खटल्यात वाचलेल्यांनी जगासमोर साक्षी दिल्या होत्या. घरातले मौन फोडू पाहणाऱ्या मुलीच्या पाठीशी घराबाहेर नोंदलेले सत्य होते. ‘माउस’मध्ये वडिलांनी आईच्या वह्या जाळल्याचे कळताच मुलगा त्यांना खुनी म्हणतो. त्या वह्यांत साधारण काय असेल हे जगाला ठाऊक आहे. हरवला तो एका आईचा आवाज.

हीच संकल्पना घेऊन बीड–परळी रस्त्यावरच्या तेलगावात उतरावे. आज हा परिसर साखर कारखान्यासाठी आणि ऊसतोडीसाठी ओळखला जातो. १९४८ मध्ये तो निजामाच्या राज्यात होता. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. तत्पूर्वी रझाकारांनी केलेली लूट, जाळपोळ आणि हत्या निर्विवाद आहेत. त्या दहशतीने कितीतरी कुटुंबे सरहद्द ओलांडून गेली. त्यानंतर मुसलमानांवर उगवला गेलेला सूडही तितकाच निर्विवाद आहे. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरून मृतांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजार अशी अंदाजली. लूट, स्त्रियांचे अपहरण, घरे-शेतांवरचे कब्जे यांचीही नोंद केली. सर्वाधिक हानीच्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. बीड त्यांच्या खालच्या गटात, पण अहवालात होते. अहवाल मात्र दडपला गेला. काही भाग पुढे छापून आले, तरी नेहरू स्मारक ग्रंथालयात तो पाहायला मिळू लागल्याची वार्ता आली ती २०१३ मध्ये. तोवर मुले म्हातारी झाली होती.

अशा स्थितीत नातवाकडे ‘उपचारा’ची कादंबरी मागणे ही समीक्षेची चैन आहे. रझाकारांच्या जुलमाच्या स्मृतीला दर १७ सप्टेंबरला ध्वजवंदन लाभते. पण त्या समारंभात आजीची भीती भाषणाचा एक परिच्छेद होऊन जाते. दुसऱ्या स्मृतीला नावही धड मिळालेले नाही. रणगाडे घेऊन आलेल्या सैन्याच्या मोहिमेला ‘पोलीस कारवाई’ म्हटले गेले आणि घरोघरचे म्हातारेही तेच सरकारी नाव घेऊन आपले मरण सांगत राहिले. चिन्हमीमांसेवर ग्रंथ लिहिणाऱ्यांना हे चिन्ह कधी दिसू नये, याचे नवल वाटते.

तिसरा वारसा अधिक अडचणीचा. डॅन बार-ऑन या इस्रायली मानसशास्त्रज्ञाने नाझींच्या मुलांशी बोलून १९८९ मध्ये ‘लेगसी ऑफ सायलेन्स’ लिहिले आणि १९९२ पासून त्या मुलांना वाचलेल्यांच्या मुलांसमोर बसवले. कब्जा केलेल्या शेताचा वारस कोणत्या मौनात वाढला, हा प्रश्न मराठीत ग्रामीण जाणिवेवर लिहिणाऱ्यांनी फारसा विचारलेला नाही.

औश्वित्झशी बरोबरी केल्याचा आरोप यावर होईल. राज्यसंस्थेने यंत्रवत राबवलेला वंशसंहार आणि रझाकारी दहशतीपाठोपाठ उसळलेली सूडाची लाट, या दोन घटना एक नव्हेत. येथे तुलना वारसांच्या अवस्थेची आहे. एकाला नोंद मिळाली आणि तो वडिलांशी भांडू शकला. दुसऱ्याला भांडण्यासाठी संहिताच मिळाली नाही.

ही संहिता अजून माणसांत आहे. १९४८ मध्ये दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीकडे झुकली आहे. ती दख्खनीत बोलते, आणि मराठवाड्यात वाढलेल्या मराठीच्या कोणत्याही संशोधकाला ती बोली समजते.